लोखंडी पाणी

ओढ्याला पाणी नसलं की रंगारआळीत आवाज नसतो. दगडावर कापड आपटल्याची धपधप नाही, बायकांची एकमेकींना मारलेली हाक नाही, नुसती कुत्री आणि खोकणारी म्हातारी माणसं. त्या उन्हाळ्यात तसंच चाललं होतं. गावसभेच्या अध्यक्षांनी वरच्या अंगाला बाटल्यांत पाणी भरायचा कारखाना काढला, त्याच्यासाठी ओढ्यावर लोखंडी दरवाजा बसवला, आणि दरवाजाची किल्ली आपल्या माणसाच्या कमरेला अडकवली. पहाटे थोडा वेळ पाणी सुटायचं. आळीतल्या बायका घागरी भरून घेईपर्यंत ते संपायचं. उरलेल्या गाळात कापड धुवायला बसलं, तर धुतल्यापेक्षा मळलेलंच जास्त निघायचं.

आळीत ज्याचं कापड सगळ्यात चांगलं निघायचं, त्याला सगळे दादा म्हणत. त्याच्यापेक्षा वयानं मोठे होते तेही दादाच म्हणत, आणि त्याची बायको सगळ्यांची वहिनी. दादाच्या घरामागे निळीचे चार हौद होते. हौद जिवंत ठेवावा लागतो. त्याला रोज हलवायचं, चुना द्यायचा, वास घ्यायचा. काम नसलं म्हणून हौदाची भूक थांबत नाही. दादा सकाळी उठून चारही हौद हलवायचा आणि मग ओट्यावर येऊन आपल्या हातांकडे बघत बसायचा. निळे हात फिकट होत चालले होते. रंगाऱ्याचे हात स्वच्छ दिसायला लागले की घरात चूल जपून पेटते.

"बरंय," वहिनी म्हणायची, "मतदानापुरते हात आपोआप सुटतील. यंदा लिंबांचा खर्च वाचला."

हे आळीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मतदान जवळ आलं की रंगारआळी हात सोडवायला घ्यायची. म्हणजे हौदांवर झाकणं पडायची, आणि लहानथोर सगळे आठवडाभर लिंबू, राख आणि विटेचा चुरा घेऊन ओट्यांवर बसायचे. एकमेकांची बोटं घासायची, नखं घासायची, थट्टा करायची. कारण असं, की मत दिलं की डाव्या हाताच्या नखावर शाई लावतात, आणि ज्याच्या नखावर शाई दिसेल त्याला परत मत देता येत नाही. फार पूर्वी आळीतला एक म्हातारा कामावरून तसाच शाळेत मत द्यायला गेला होता. साहेबानं त्याचे हात बघितले आणि म्हणाला, "आजोबा, तुमची दहाही बोटं मत देऊन आलेली आहेत." सगळी शाळा हसली. म्हातारा घरी आला तो बरेच दिवस ओट्यावर बसला नाही. तेव्हापासून आळीनं धडा घेतला. पोटाला चिमटा बसला तरी चालेल, पण मतदानाला जाताना हात निळे नकोत.

यंदा तर हात सोडवायलाच हवे होते. दादाची थोरली बहीण, आक्का, अध्यक्षांच्या विरोधात उभी राहिली होती.

आक्का सुईण. आई गेली तेव्हा दादा लहान होता, त्याला तिनंच वाढवलं. रंगाऱ्याच्या घरात जन्मून तिनं कधी हौदात बोट बुडवलं नाही, कारण बाळंतिणीला हात लावायचा असतो. अर्धं गाव तिच्या हातांवर जगात आलं होतं. सभेत तिचं भाषण एका दमात संपायचं. "दरवाजा काढायचा. पाणी सगळ्यांचं आहे. मला दुसरं काही येत नाही." खालच्या शेतांतले लोक माना डोलवायचे, कारण त्यांनाही पाणी पोचत नव्हतं. वरचं गाव अध्यक्षांचं होतं. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होती, आणि मधे होती रंगारआळी.

एका दुपारी ठेकेदार मोटरसायकल घेऊन आळीत आला. मांडव, कर्णे, खुर्च्या, सभेला माणसं, अध्यक्षांचं जे काय असेल ते सगळं तोच पुरवायचा. दादाच्या मागच्या अंगणात आला आणि हौदाच्या काठावर रुमाल पसरून बसला.

"दादा, हात रिकामे आहेत म्हणे तुमचे."

"हात कशाला रिकामे असतील? ओढा रिकामा आहे," दादा म्हणाला.

"तेच घेऊन आलोय. रुमाल करायचेत. गळ्यात बांधायचे, गर्द निळे. मिरवणुकीतल्या प्रत्येक माणसाला एक. एकट्या तुम्हाला नाही झेपायचं, सगळी आळी लावा. पण एक सांगतो. पांढऱ्या शर्टावर घालायचेत. रंग सुटता कामा नये."

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "ठेकेदारसाहेब, माझा रंग सुटत नाही. माणूस मातीत जाईल, पण कापड निळंच राहील."

"म्हणून तर शहर सोडून तुमच्या दारात आलो."

वहिनी दारात उभी होती. "आणि पाणी?"

"उद्यापासून दरवाजा उघडा. साहेबांचा शब्द आहे, वहिनी."

"बघा बाई," वहिनी म्हणाली. "आम्ही घसा फोडत होतो तेव्हा किल्ली सापडत नव्हती. गळ्यात रुमाल घालायची वेळ आली, लगेच सापडली."

ठेकेदार हसला. त्याला राग येत नसे. राग न येणाऱ्या माणसाची भीती वाटायला हवी होती, पण दादाच्या कानात तेव्हा नुसतं पाणी वाजत होतं.

संध्याकाळी दादा आक्काकडे गेला. आक्का अंगणात कात्री उकळत होती. त्यानं सांगितलं ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"घे की काम," ती म्हणाली. "त्यांच्या रुमालावर आळी जेवली तर माझ्या पोटात का दुखेल? पण हे बघ. हात वेळेवर सोडव. आळीची मतं पडली नाहीत तर मी गेले, आणि मी गेले तर तो दरवाजा तुझ्या जन्मात निघत नाही. कधी झाकणार हौद?"

"मतदानाआधीच्या बाजाराच्या दिवशी. पुढे हात सोडवायला आठवडा राहतो."

"नक्की?"

"नक्की, आक्का."

ती त्याच्याकडे बघून हसली. त्याचा शब्द तिला कधी गाठ मारून ठेवावा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढा भरून वाहिला. पोरं नाचली. म्हाताऱ्या बायका काठावर बसून नुसते पाय बुडवून राहिल्या. आणि मग आळी कामाला लागली ती अशी, की जेवायला बसलेला माणूस घास हातात धरून झोपायचा.

हौदाशी उकिडवं बसायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचे, कापड पाण्याखाली उलगडायचं, आणि बुडबुडा येऊ द्यायचा नाही. बुडबुडा आला की तिथे डाग राहतो. कापड पुरेसं प्यालं की बोटांना कळतं. मग ते बाहेर काढायचं. निघताना हिरवं निघतं, कच्च्या कैरीसारखं, आणि वाऱ्याला लागलं की बघता बघता निळं होत जातं. लहान असल्यापासून दादानं ते बघितलं होतं, पण अजून कापड वर आलं की तो क्षणभर थांबायचा. मग परत बुडवायचं. एकेक रुमाल पाचपाच सहासहा वेळा. वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून धुवायची. तिच्या टाचांच्या भेगा पांढऱ्या फुगल्या. रात्री ती पाय उशीवर ठेवून निजायची आणि झोपेत कण्हायची.

सरकारी बाईंनी एकदा आळीत रबरी हातमोजे वाटले होते. घरोघरी त्यांत आता खिळे ठेवलेले असत. मोज्यातून बोटांना कापड कळत नाही.

आळीत एक म्हातारा होता. त्याच्या पोटात बातमी राहत नसे, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो एका दुपारी काठी टेकत आला. "ऐकलं का? फोनवर एक आवाज फिरतोय. म्हणे काही लोक हाताला रंग फासतात. रंगाखाली शाई दिसत नाही, मग दोनदोनदा, तीनतीनदा मतं देतात. दुबार मतदार म्हणतात त्यांना. सावध राहा म्हणे."

सगळे हसले. दादा म्हणाला, "काका, एकदा द्यायला जाताना आमची सालं निघतात, तीनदा कोण जातंय?"

"मी आपलं सांगितलं," रेडिओ म्हणाला.

दोन दिवसांनी तेच कर्ण्यावरून आलं. गाणं वाजायचं, गाणं थांबायचं, आणि एक गोड बाई म्हणायची, "रंगलेल्या हातांपासून सावधान. आपलं मत चोरीला जाऊ देऊ नका." परत गाणं. गाडी आळीच्या तोंडाशी येऊन जरा जास्त वेळ थांबायची. वहिनी वरच्या गावात मीठ आणायला गेली, तर दुकानदाराच्या बायकोनं तिच्या हातात पुडी दिलीच नाही, फळीवर ठेवली. "हे हात घेऊन किती वेळा जाणार गं?" तिनं विचारलं. दुकानात बसलेले हसले. वहिनीनं हात पोटाशी धरले आणि तशीच घरी आली.

"बोंबलू दे," दादा म्हणाला. "आपण हात सोडवून जाणार आहोत. तेव्हा त्यांचीच तोंडं बघण्यासारखी होतील."

बाजाराचा दिवस आला. काम पुरं झालं होतं. निळ्या रुमालांचे गठ्ठे अंगणात रचले होते. ठेकेदारानं सकाळीच येऊन त्यांतला एक उचलला, गळ्यात बांधला, आरशात बघितल्यासारखं हौदात बघितलं आणि गठ्ठे संध्याकाळी नेतो म्हणून गेला. आळीनं हौदांवर झाकणं घातली. लिंबं कापली. बायका ओट्यांवर पाय सोडून बसल्या आणि एकमेकींची नखं घासायला लागल्या. दादा आपले हात राखेत खुपसून बसला होता आणि त्याला फार बरं वाटत होतं.

ठेकेदार दुपारीच परत आला. मोटरसायकल त्यानं आळीच्या मधोमध उभी केली. गळ्यात तोच रुमाल होता. त्यानं तो जरा वर उचलला आणि शर्टाची कॉलर सगळ्यांना दाखवली. पांढऱ्या कॉलरीवर निळा डाग होता.

"दादा," तो मोठ्यानं म्हणाला, "तुमचा रंग सुटतो."

सगळ्या आळीचे हात थांबले.

"शक्य नाही," दादा म्हणाला.

"मी काय घरी शाई ओतून घेतली?"

वहिनीनं गठ्ठ्यातला एक रुमाल ओढला, बादलीत बुडवला, पिळला आणि सासऱ्याच्या जुन्या पांढऱ्या पंच्यावर दाबला. पंचा पांढराच राहिला. "घ्या. कुठं सुटतो?"

"पाण्यात नाही, वहिनी, घामात सुटतो. मिरवणुकीत माणसं काय पाण्यात उभी राहणार आहेत? साहेब म्हणाले, माल कच्चा असेल तर जाळून टाका, शहरातून मागवू. आणि दरवाजाचं मग त्यांच्या मनावर आहे. मी म्हटलं, साहेब, एक संधी द्या. दादाचं नाव आहे. चूक झाली असेल, सुधारून देईल."

"चूक," दादा म्हणाला.

"लोखंडी पाण्याचा हात देऊन टाका. मग काळ आला तरी सुटणार नाही. काय?"

आता हे लोखंडी पाणी म्हणजे काय, ते आळीतल्या पोरालाही ठाऊक होतं. घरोघरी एका रांजणात गंजकं लोखंड आंबट पाण्यात महिनोन्‌महिने ठेवलेलं असायचं. झाडाच्या सालीच्या काढ्यात कापड भिजवून मग त्या पाण्यात घातलं की निळ्यावर काळी झाक चढते आणि रंग मरेपर्यंत हलत नाही. कापडावरही नाही आणि हातांवरही नाही. निळीचे हात आठवड्यात सुटतात. लोखंड नखात शिरलं की नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. दादाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? माहीत होतं. पण सगळ्या आळीसमोर, भर उन्हात, कोणीतरी म्हणालं होतं की तुझा रंग सुटतो.

ठेकेदार गेल्यावर वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, तो डाग कॉलरीच्या बाहेरून होता. आतून पांढरी होती. घाम मानेला येतो की बाहेर?"

"तुला काय कळतं रंगातलं?" दादा ओरडला. "धुणं धुतेस तू. रंग मी लावतो."

शेजारपाजारचे ऐकत होते. वहिनीनं लिंबाची फोड खाली ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती साल उकळायचं पातेलं घेऊन.

दादानं आधी हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बघितल्या. पिशव्या फाटल्या. मोज्यांतले खिळे ओतून मोजे घातले, तर खिळ्यांनी पाडलेल्या भोकांतून पाणी आत आलं. शेवटी त्यानं मोजे भिरकावले आणि उघडे हात घातले. त्यानं घातले म्हणून शेजाऱ्यानं घातले, शेजाऱ्यानं घातले म्हणून पलीकडच्यानं. दादा करतोय म्हणजे काहीतरी विचार असेल, असं आळी म्हणाली. घाई इतकी होती, की बायका आणि जाणती पोरंही बसली. रुमाल काळसर होऊन दोऱ्यांवर लटकत राहिले. ठेकेदारानं माल वेळेवर उचलला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या स्वतःच्या गळ्यातला रुमाल तेवढा राहून गेला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग घासणं सुरू झालं. लिंबू, राख, विटेचा चुरा, रॉकेल. तळवे जरा उजळले. कातडी सोलून निघाली. नखं तशीच काळी. मतदानाच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना आक्का आळीत आली. ओट्याओट्यावर माणसं मान खाली घालून बोटं घासत होती, कोणी थट्टा करत नव्हतं. ती दादासमोर बसली आणि तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा.

"ही नीळ नाही."

"लोखंड आहे."

"का रे?"

"रंग सुटतो म्हणाले."

"तुझा?" आक्का म्हणाली.

तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. आक्का थोडा वेळ त्याच्या नखावर आपला अंगठा फिरवत राहिली. मग उठली. "उद्या सगळे एकदम जाऊ. तिथे खुर्चीवर बसलेला कोणीतरी माझ्या हातांवर जन्मलेला असेलच."

खुर्चीवर बसलेला साहेब परगावचा होता.

शाळेच्या खोलीत टेबलं मांडली होती. दाराशी बंदूकवाला शिपाई. दोन्ही बाजूंची माणसं बाकावर बसली होती, आणि अध्यक्षांच्या बाजूनं ठेकेदार. आत रुमाल चालत नाही म्हणून त्यानं तो खिशात ठेवला होता. रेडिओ सगळ्यांत म्हातारा म्हणून त्याला पुढे केलं. साहेबानं त्याचा डावा हात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आहे?"

"रंग आहे, साहेब. आम्ही रंगारी."

"उजवा दाखवा." उजवाही तसाच. "यात शाई लागलेली आहे की नाही, मी कसं ओळखू?"

"मी सांगतो ना, नाही लागली."

ठेकेदार बाकावरून नम्रपणे म्हणाला, "साहेब, माझी हरकत लिहून घ्या. गावात दुबार मतदारांचं फार ऐकू येतंय."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याला संध्याकाळी आपल्या घरी जायचं होतं. "असं करा," तो म्हणाला, "रंगवाले सगळे त्या भिंतीशी उभे राहा. वरचे साहेब गाडी घेऊन येतील, ते हात तपासतील. माझ्या अधिकारात नाही."

रेडिओ बाहेर आला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

भिंतीशी सगळी आळी उभी राहिली. सकाळी तिथे सावली होती, ती हळूहळू पायांखाली गेली. वरच्या गावचे लोक रांगेतून पुढे सरकत होते, आत जात होते, बोटं वर करून बाहेर येत होते. जाताना भिंतीकडे बघायचे. एक पोरगी बापाला म्हणाली, "तेच का हो ते दुबारवाले?" बायकांनी हात बगलेत घातले. वहिनीनं घातले नाहीत. ती हात समोर सोडून उभी राहिली, बघायचं त्याला बघू दे म्हणून. दुपारी एक बाई भोवळ येऊन बसली, तिला घरी न्यायला दोघं गेले ते परत आले नाहीत. आक्का आपलं मत देऊन बाहेर आली होती. तिच्या नखावर ताजी शाई होती. उमेदवाराला इथे थांबता येत नाही असं म्हणत शिपायानं तिला फाटकाबाहेर घालवलं. ती रस्त्यापलीकडे उन्हात उभी राहिली आणि भिंतीकडे बघत राहिली.

दादाला तिचं ते बघणं सोसवेना. तो शाळेच्या मागे हातपंपाशी गेला. खाली विटेचा तुकडा पडला होता. त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट पंपाच्या कट्ट्यावर ठेवलं आणि घासायला लागला. नख पातळ झालं तरी काळं होतं. खिशात दोरे कापायचं पातं होतं. त्यानं ते काढलं आणि काळं खरवडायला घेतलं, कडेपासून आत. एकच बोट. एक बोट स्वच्छ दिसलं तरी मत देता येईल, आणि एकानं दिलं तर बाकीच्यांनाही नाही म्हणता येणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. दुखत होतं, पण ते दुखणं त्याला बरं वाटत होतं. शेवटी काळं गेलं. त्याच्याबरोबर नखही गेलं.

रक्त गळणारं बोट वर धरून तो टेबलाशी गेला.

"बघा साहेब. शाई आहे का? आता लावा."

साहेब खुर्चीत मागे सरकला. "अहो, हे काय करून घेतलंत? जखमेवर शाई लावता येत नाही."

"मग दुसऱ्या बोटाला लावा."

"दुसरं काळं आहे."

"साहेब," ठेकेदार उभा राहिला. आता त्याचा आवाज नम्र नव्हता. "समोर दिसतंय तुम्हाला. लागलेली शाई खरवडून परत आलाय हा. याला दुबार नाही तर काय म्हणतात?"

खोलीत कुजबुज झाली. शिपायानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. दादानं ठेकेदाराकडे बघितलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "माझ्या अंगणात बसून गेलास तू." शिपायानं त्याला बाहेर आणून भिंतीशी सोडलं. वहिनीनं आपल्या कपड्याची चिंधी फाडली आणि बोटाला बांधली.

संध्याकाळी दार बंद झालं. वरच्या साहेबांची गाडी त्यानंतर आली. ती पेट्या न्यायला आली होती.

मोजणीत आक्का पडली. थोडक्यात पडली. भिंतीशी उभे होते त्यांतल्या निम्म्यांची मतं पडली असती तरी ती निवडून आली असती, हे कोणी तोंडानं बोललं नाही, आणि आळीत दुसरा कसला विचारही कोणी केला नाही. त्याच सकाळी ओढ्याचं पाणी थांबलं. धुणं अर्धवट टाकून बायका पिळे घेऊन वर आल्या.

मिरवणूक मुद्दाम आळीतून काढली. ढोल होते, कर्णा होता, गोड बाई आता आभार मानत होती. ऊन मी म्हणत होतं. सगळे पांढऱ्या शर्टांत, सगळ्यांच्या गळ्यांत काळसर निळे रुमाल, आणि नाचून नाचून सगळे घामानं निथळत होते. आळीतली दारं लागलेली होती. दादाचं उघडं होतं. तो ओट्यावर बसला होता. आक्का त्याच्यासमोर बसून बोटाची पट्टी सोडत होती, आणि वहिनी कोमट पाण्याचं भांडं धरून होती. आक्काच्या नखावरची शाई आता सुकून काळी झाली होती. अख्ख्या रंगारआळीत तसं बोट तेवढं एकच.

"इकडे तिकडे बघू नको," आक्का म्हणाली. "हात स्थिर ठेव."

पण दादा बघत होता. मिरवणुकीच्या पुढे ठेकेदार नाचत होता. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, शर्ट पाठीला चिकटून आतली कातडी दिसत होती. त्याच्या गळ्यातला रुमाल दुसऱ्यांसारखा काळसर नव्हता. तो गर्द निळा होता. बाजाराच्या दिवशी सकाळी गठ्ठ्यातून उचललेला, लोखंडी पाणी न बघितलेला. घाम त्याच्या मानेवरून रुमालात उतरत होता, रुमालातून कॉलरीत, कॉलरीतून छातीवर. आणि कॉलर आतून बाहेरून पांढरीशुभ्र होती.

दादानं वहिनीकडे बघितलं. तिनंही कॉलर बघितली होती. तिनं नुसतं भांडं दुसऱ्या हातात घेतलं.

मिरवणूक आळीच्या तोंडाशी वळली. ढोल लांब गेला. खाली ओढ्यात आवाज नव्हता.

"आक्का," दादा म्हणाला, "माझा रंग सुटला नव्हता."

आक्कानं नवी पट्टी गुंडाळली, दातानं टोक फाडलं आणि गाठ मारली.

"सुटेल कसा?" ती म्हणाली. "तुझा आहे."

तेव्हा दादा लहान पोरासारखा रडायला लागला. आक्कानं त्याचा हात सोडला नाही. वहिनी भांडं खाली ठेवून हौदांवर झाकणं घालायला मागच्या अंगणात गेली.